चिंगीच्या नावाचं रक्त

रक्त न्यायला आलेल्या माणसाने दारातच विचारलं, "पेशंट कोण?" आणि ताईने मागचापुढचा विचार न करता स्वतःचाच हात पुढे केला.

आता ताई म्हणजे काही वेडी बाई नव्हे. साऱ्या गल्लीला अक्कल वाटूनही उरेल एवढी तिच्याकडे होती, निदान तिचं स्वतःचं तरी तसं मत होतं. पंचवीस वर्षं तिने कपडे दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं, अस्तर बदलणं, आणि गिऱ्हाइकाने हुज्जत घातली की त्याला दोन शब्दांत गार करणं. धाकटी बहीण चिंगी दुसऱ्या मशीनवर. चिंगी सेहेचाळीस वर्षांची होती, पण ताईच्या लेखी ती चिंगीच. दोघींचं माप एक, उंची एक, खांद्यांचा उतारसुद्धा एक. चिंगीला ट्रायलला उभं राहायचा भारी कंटाळा, म्हणून तिचे कपडेही ताई आपल्याच अंगावर बेतायची. तिच्या जागी मी उभी राहिले काय नि ती राहिली काय, सारखंच, असं ताई म्हणायची. आणि खरंच, पंचवीस वर्षांत त्यापायी एक टाका उसवावा लागला नव्हता.

त्या संध्याकाळी आतल्या खोलीत चिंगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या उजव्या हाताच्या शिरा पार बसल्या होत्या. डाव्या बाजूला गाठीचं ऑपरेशन झालेलं, तिकडच्या हाताला सुई लावायची नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद, म्हणजे राहिला एकच हात. मागच्या वेळी त्या हाताला सहा वेळा टोचलं तेव्हा कुठे नळीभर रक्त मिळालं. आणि एवढं करून पेशी कमी निघाल्या. केमोचा तिसरा डोस दहा दिवस पुढे ढकलला. घरी आल्यावर चिंगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, आता पुन्हा ढकललं ना, तर मी जाणार नाही. तू फरफटत नेलंस तरी नाही."

चिंगी बोलली की करायची. तिसरा डोस दहा दिवसांनी कसाबसा पार पडला, आणि आता उद्या चौथा होता. चौथा डोस म्हणजे त्या जहाल लाल औषधाचा शेवटचा. तो एकदा झाला की पुढची औषधं सौम्य. अशा वेळी एका आकड्यापायी सगळं फिसकटावं? आणि आकडा तरी कसला, ताई मनाशी म्हणाली, परीक्षेतल्या मार्कांसारखा. काठावर पास झालं तरी पुढच्या वर्गात बसवतातच की.

तो माणूस नवा होता. ताईच्या डोक्याला कामाचा फडका बांधलेला, चेहरा रात्रभर न झोपलेल्या बाईचा. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं. त्याने नाव विचारलं, ताईने चिंगीचं सांगितलं. त्याने वय विचारलं, ताईने तेही चिंगीचं सांगितलं. पहिल्याच सुईत झरझर रक्त आलं.

"बऱ्या शिरा आहेत तुमच्या," तो म्हणाला.

"कष्टाचा हात आहे," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला दोघी केमोच्या वॉर्डात. आठ खुर्च्या, आठ सलाइनचे खांब, मधोमध सिस्टरचं टेबल. चिंगीचं सकाळपासून अंग दुखत होतं. ताईने तिला तापाची एक गोळी देऊन, रिक्षात बसवून आणलं होतं. फाइल अर्थातच ताईच्या काखेत.

मोठ्या सिस्टरने थर्मामीटर लावला. "नव्याण्णव. जरा कोमट वाटतं. घरी ताप होता का?"

चिंगीने तोंड उघडलं तोवर ताई म्हणाली, "छे, ताप कुठला? उन्हातून आलोय."

"उलट्या? तोंड आलंय?"

"काही नाही हो. एकदम ठणठणीत आहे."

चिंगीने डोळे मिटून घेतले. तिच्या बाबतीतल्या प्रश्नांची उत्तरं तिने द्यावीत अशी या घरात पद्धतच नव्हती. पाचवीत असताना वर्गशिक्षकांनी तिला पाढा विचारला, तेव्हाही म्हणे खिडकीबाहेरून ताईनेच म्हणून दाखवला होता.

सिस्टरने उजव्या हाताला कोपराखाली दोनदा टोचून कशीबशी सुई बसवली, मग टेबलाशी जाऊन रिपोर्ट उघडला. वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. ताईचं लक्ष त्या भुवयांवरच होतं.

"अहो, पांढऱ्या पेशी सात हजार आठशे! मागच्या वेळी तर अडीच हजारांवर अडल्या होत्या. आणि हिमोग्लोबिन साडेबारा? पंधरा दिवसांपूर्वी नऊ होतं ना?"

"मी खायला घालते तिला. जबरदस्तीने."

सिस्टर हसली नाही. तिने फोन उचलून डॉक्टरबाईंना आकडे वाचून दाखवले, जरा ऐकलं, मग फोनवर हात ठेवून विचारलं, "मध्ये कुठे रक्त चढवलंत का? खाण्याने एवढं वाढत नाही."

इथे ताईला थांबता आलं असतं. पण एक टाका वाकडा पडला की बाई घाईने दुसरा घालते. ताई म्हणाली, "हो. चढवलं ना. घराजवळ."

"किती बाटल्या?"

"एक."

"एका बाटलीने साडेतीन वाढलं?"

"नाही नाही, दोन. दोन चढवल्या."

खुर्चीतून चिंगीने मान वळवली. "ताई, मला कधी..."

"तू पडून राहा गं. तुला काय आठवतंय, ग्लानीत होतीस."

चिंगी तिच्याकडे बघत राहिली. ताईने फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. सिस्टरने फोनवर दोन बाटल्या सांगितल्या, कागदावर लिहिल्या, आणि फोन ठेवताना म्हणाली, "यायच्या आधी आम्हाला कळवायचं असतं हो हे." मग तिने उलटी थांबवायचं औषध सलाइनला जोडलं. औषध तयार करायच्या बंद खोलीत चिंगीच्या नावाची चिठ्ठी गेली. झालं, ताईला वाटलं. सुटलो बाबा एकदाचे.

शेजारच्या खुर्चीत एक बसचालक काका होते. पहिलाच डोस, बायको बरोबर. काका धिप्पाड, पण घाबरलेले, आणि घाबरले की बडबड करणाऱ्यांपैकी.

"सिस्टर, मी तीस वर्षं बस चालवली. पुढचा रस्ता दिसल्याशिवाय गाडी हलवली नाही. हे औषध पोटात जाऊन करतं काय, ते मला नीट सांगा. मग टोचा."

"पोटात नाही काका, शिरेत." सिस्टर हातातलं काम करता करता सांगू लागली. "पेशी वाढतात कशा, तर एकीच्या दोन, दोनांच्या चार. अंगातल्या बहुतेक पेशी निवांत असतात. गाठीच्या पेशींना मात्र दम नाही, त्या सारख्या दुपटीने वाढत सुटतात. हे औषध त्या वाढण्याच्या कामातच खोडा घालतं. पेशी दुभंगायला गेली की मरते."

"वा! मग बरंच की."

"बरं आहे, पण औषधाला आपलं-परकं कळत नाही. घाईने वाढणारी पेशी गाठली, की मारली. केसांची मुळं घाईने वाढतात, म्हणून केस जातात. तोंडाच्या आतली कातडी घाईने वाढते, म्हणून तोंड येतं. आणि सगळ्यांत घाईचं काम चालतं हाडांच्या आत, मज्जेत. रक्त तिथं तयार होतं."

ताईला खरं तर हे ऐकायचं नव्हतं. पण कान काही झाकता येत नव्हते.

"म्हणजे रक्तही मरतं?" काकांच्या बायकोने विचारलं.

"आहे ते मरत नाही, नवं येणं थांबतं. लाल पेशी चारेक महिने टिकतात, त्या सावकाश कमी होतात. प्लेटलेट आठ-दहा दिवस. पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार तर दोन-चार दिवसांच्या सोबती. नवा माल आला नाही की आठवड्यात फडताळ रिकामं. मग मज्जा सावरते, पुन्हा भरायला लागते. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. म्हणून तर प्रत्येक डोसच्या आधी रक्त बघतो. भरल्या असल्या तर डोस. नसल्या तर थांबायचं. लोकांना वाटतं, आम्ही उगीच अडवतो."

"आणि नाही थांबलं तर?"

सिस्टरने सलाइनचा वेग बोटाने कमी केला. "तर सावरू बघणाऱ्या मज्जेवर दुसरा घाव. माणसाकडे लढायला काहीच उरत नाही. बाहेरचे जंतू लागतच नाहीत हो, आपल्याच तोंडातले, आतड्यातले, एरवी मुकाट राहणारे जंतू रक्तात शिरतात. पू होत नाही, सूज येत नाही, कारण ते करणाऱ्या पेशीच नसतात. नुसता ताप येतो, हुडहुडी भरते. सकाळी चालत आलेलं माणूस संध्याकाळी हाती लागत नाही. मी पाहिलंय तसं. तुम्ही घाबरू नका, तुमचं रक्त उत्तम आहे."

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ताईच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. मार्क नव्हते ते. काठावर पास होण्याची भानगडच नव्हती तिथे.

नसेल, ती स्वतःला म्हणाली. चिंगीच्याही भरल्या असतील. पंधरा दिवस झाले, का नाही भरणार? सगळ्यांच्या भरतात. आणि समजा आता बोलले, तर? तो बिचारा रक्त नेणारा कामाला मुकेल. सिस्टर चारचौघांत वाभाडे काढेल. डोस आजही बुडेल, आणि चिंगी पुन्हा म्हणून या दारात पाऊल टाकणार नाही. बोललं तरी चिंगी जाते, नाही बोललं तरी जाते. देवा, हे काय करून बसले मी!

"ताई," चिंगी हळूच म्हणाली. "थंडी वाजतेय गं."

"एसी आहे इथे." ताईने घाईघाईने शाल तिच्या गळ्यापर्यंत ओढली. चिंगीचे दात एकमेकांवर आपटत होते, बारीक आवाज येत होता. ताईने तिचा हात हातात घेतला. नखं निळसर झाली होती, आणि तळवा भाजत होता.

तेवढ्यात बंद खोलीचं दार उघडलं. दुसरी सिस्टर ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये जाड सिरिंज, आत सरबतासारखं लालभडक औषध. मोठ्या सिस्टरने हातमोज्यांवर आणखी एक जोडी चढवली, अंगावर लांब झगा घातला. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, म्हणून ती शेजारी बसून हळूहळू सोडायची. दोघी सिस्टर खुर्चीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. त्यांची ती पद्धत होती, एकीने वाचायचं, दुसरीने ताडून बघायचं.

"नाव?"

चिंगीने कापऱ्या आवाजात नाव सांगितलं. हाताच्या पट्टीवरचं जुळलं, सिरिंजवरचं जुळलं.

"औषध, बरोबर. मात्रा, बरोबर."

ताई उठून उभी राहिली. पुन्हा बसली.

"पांढऱ्या पेशी सात हजार आठशे."

"बरोबर."

"प्लेटलेट दोन लाख दहा हजार."

"बरोबर. सुरू करते."

मोठ्या सिस्टरने सिरिंज नळीला जोडली. अंगठा दट्ट्यावर ठेवला.

"थांबा!" ताई ओरडली. एवढ्या मोठ्याने, की काकांच्या बायकोच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. "थांबा, नका देऊ. ते रक्त तिचं नाही. माझं आहे."

अंगठा तिथेच थांबला. सिस्टरने आधी नळी चिमटीत दाबली, मग सिरिंज सोडवली, टोपण लावलं आणि ट्रेमध्ये ठेवली. हे सगळं इतकं सावकाश, की ताईला वाटलं, आता ही आपल्या थोबाडीत मारणार. मारली असती तर बरं वाटलं असतं.

"रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"ताप?"

"अंग दुखतंय म्हणाली. सकाळी गोळी दिली मी."

"गोळी दिलीत!" सिस्टरचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "बाई, गोळीने ताप झाकतो. तापच तर एवढा एक आम्हाला दिसतो." तिने थर्मामीटर लावला आणि दुसरीला म्हणाली, "डॉक्टरबाईंना बोलाव. धावत जा."

एकशे दोन पूर्णांक चार.

पुढच्या पाच मिनिटांत खुर्चीभोवती इतकी माणसं झाली की ताई मागे ढकलली गेली. डॉक्टरबाई आल्या. त्यांनी चिंगीचं नाडी-ब्लडप्रेशर पाहिलं आणि ताईकडे एकदाही न बघता म्हणाल्या, "रक्त घ्या, तीन नळ्या. रिपोर्टची वाट बघायची नाही, अँटिबायोटिक तासाच्या आत गेलंच पाहिजे." सलाइन बंद केलं. त्याच हाताच्या मनगटाशी, सुईच्या खाली, शीर चाचपायला सुरुवात झाली.

चिंगी थरथरत होती, मनगट ठरत नव्हतं. सिस्टर वैतागून म्हणाली, "कुणीतरी हात धरा हो हिचा."

ताई माणसांना बाजूला सारत पुढे आली. "मी धरते."

"तू नको," चिंगी म्हणाली.

ताईचा हात हवेतच राहिला.

"तू नको, ताई. माझा हात मीच धरते." तिने डावा हात शालीतून काढला आणि उजवं मनगट खुर्चीच्या दांडीवर घट्ट दाबून धरलं. "घ्या सिस्टर. इथे अंगठ्याच्या बाजूला एक आहे, बारीक आहे पण मिळते. मागच्या वेळी सहाव्यांदा तिथेच मिळाली. मला कुणी विचारलं असतं तर पहिल्यांदाच सांगितलं असतं."

पहिली सुई फुकट गेली. दुसरीला रक्त आलं, काळसर, थेंबाथेंबाने. चिंगीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात तसूभर हलला नाही. ताई भिंतीला टेकून उभी होती. हातांचं काय करायचं ते तिला कळेना. इतकी वर्षं त्या हातांना रिकामं कसं राहायचं ते माहीतच नव्हतं.

अँटिबायोटिक सुरू झालं. नळ्या घेऊन एक सिस्टर प्रयोगशाळेकडे पळाली. माणसं पांगली. मग चिंगीने ताईकडे पाहिलं.

"विचारायचं तरी होतंस."

"तू म्हणाली होतीस, पुन्हा ढकललं तर येणार नाही. मी घाबरले गं. वाटलं, तू सोडून देशील."

"म्हणून तू माझं रक्तसुद्धा दिलंस?" चिंगीचे दात अजून वाजत होते, शब्द तुटत होते. "रागाने बोलले असेन मी. माणूस बोलतं. दुसऱ्या दिवशी विचारायचंस, काय गं, खरंच नाही का येणार? मी आले असते. रडत आले असते, पण आले असते. मला काय होतंय, मला किती सोसतंय, ते तू सांगतेस सगळ्यांना. दोन बाटल्या चढवल्या म्हणे! ताई, अगं मी मेले असते ना, तरी 'एकदम ठणठणीत आहे' असं तूच सांगितलं असतंस."

काकांनी तोंड दुसरीकडे वळवलं. ताई ओक्साबोक्शी रडू लागली. चिंगीने तिला रडू दिलं.

पाऊण तासाने फोन आला. डॉक्टरबाई खुर्चीजवळ आल्या आणि सवयीने आधी ताईकडे वळल्या. ताईने मान हलवली आणि चिंगीकडे बोट केलं. डॉक्टरबाईंनी स्टूल ओढलं, चिंगीसमोर बसल्या.

"पांढऱ्या पेशी सहाशे आहेत. किमान तीन हजार हव्या होत्या. त्यातल्या लढणाऱ्या तर शंभरही नाहीत."

"वाईट आहे?"

"वाईट आहे. पण वेळेत कळलंय. आत वेगळ्या खोलीत ठेवू, औषधं चालू राहतील. पहिले दोन दिवस नाजूक आहेत, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मज्जा जागी झाली की सुटलात."

"आणि डोस दिला असता तर?"

डॉक्टरबाईंनी ट्रेकडे पाहिलं. "तर मज्जा जागी व्हायची वाट बघायला वेळच मिळाला नसता."

चिंगीने मान डोलावली. मग म्हणाली, "ठीक आहे. हे बरं झालं की तो डोस घेईन मी. ढकला किती ढकलायचा तो."

चाकाची खुर्ची आली. चिंगीला उचलून बसवलं, शाल गुंडाळली, सलाइनची पिशवी खांबाला टांगली. आत एकाच माणसाला सोडतात, सिस्टरने सांगितलं, मास्क लावून, हात धुऊन. एरवी हे वाक्य पुरं व्हायच्या आत ताईने मास्क लावून खुर्चीचे दांडे पकडले असते.

ती जागची हलली नाही. डोळे पुसून तिने विचारलं, "चिंगे, मी येऊ का गं बरोबर?"

चिंगीला दम लागला होता, आणि रागही काही ओसरला नव्हता. सिस्टर खोळंबून उभी होती.

"ये," चिंगी म्हणाली. "पण काही विचारलं तर मी सांगेन. तू गप्प बसायचं."

ताईने मास्क बांधला आणि खुर्चीच्या मागून चालू लागली. दाराशी आतल्या सिस्टरने विचारलं, "त्रास काय होतोय यांना?" ताईच्या ओठांवर उत्तर तयार होतं. तिने ओठ मिटले आणि चिंगीकडे पाहिलं.